पदरमोड

जावई पुण्याहून आला की पहिला प्रश्न तोच:
"मामा, प्रोग्रॅम तुम्ही विकत घेतला,
साडेचार हजार मोजून,
आणि वर त्यातल्या चुकाही तुम्हीच शोधून देताय? फुकट?"
त्याच्या कंपनीत म्हणे या कामाला पगार असतो,
एसी असतो, शुक्रवारी पिझ्झा.
मी खाकरतो.
आतून सुलोचना: "वीजबिलही आपलंच, ते सांगा."

सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं
खोतांच्या अडतीवर दिवाणजी होतो मी.
पोतं उघडलं की व्यापारी काय करतो?
एक हळकुंड उचलतो, मोडतो,
मोडल्याचा आवाज ऐकतो, गाभ्याचा रंग बघतो.
पैसे त्याचे जाणार असतात, म्हणून मोडतो.
विकणारा कधी मोडून बघत नाही.

हे उत्तर जावयाला आवडलं.
मला पुरलं नाही.

रात्री साडेअकराला चाचणीची आवृत्ती उतरवायला लावतो.
विश्रामबागेतलं आमचं नेट असं, की तेवढ्यात
दूध उकळून निवतं.
मग एकेक गोष्ट तपासायची, बैलाचे दात बघावेत तशी:
घड्याळ उणे सेकंदात जातं का,
राजाला शह असताना किल्लेकोट करू देतंय का,
पट फिरवला तर कडेची अक्षरं फिरतात
की जागीच बसून राहतात सरकारी कारकुनासारखी.

वहीत बाबगोंडा मगदूमचा एक डाव आहे.
सन शहाऐंशी, मंडळाची वरची खोली, पंखा बंद,
चहावर साय धरलेली.
त्याचं प्यादं आठव्या घरात गेलं
आणि त्यानं वजीर मागितलाच नाही.
मेलेल्या मोहऱ्यांतून शांतपणे घोडा उचलला.
शह. आणि त्याच उडीत
समोरच्याचा वजीरही कात्रीत.
समोर मी होतो.

तो डाव परवा प्रोग्रॅमला भरवला.
प्यादं पोचलं
आणि कुणी काही विचारायच्या आत वजीर झालं.
पुढं मीच जिंकलो.
मगदूमला जाऊन तीन वर्षं झाली,
आता तो हरलाही.

झोप लागली नाही.
आजोबांच्या पटावर प्यादं ज्या घरात पोचेल
त्या घराचं व्हायचं.
हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट,
वाद नाही.
इथं सगळ्यांनी वजीरच व्हायचं,
त्यालाही वाद नाही.
मला तरी कुणी विचारलं होतं?
वडिलांनी खोतांच्या गादीच्या कडेला बसवलं,
हातात खतावणी दिली,
आणि म्हणाले, अक्षर नीट काढ.

उठलो, लिहून कळवलं, मोडक्या इंग्रजीत:
खेळी एक्केचाळीस.
प्यादं शेवटच्या घरात आलं की
आधी त्याला विचारा.
पाठवल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं.
त्यांना वाटेल, म्हातारं भावनेच्या भरात आहे.

सहा आठवडे काही नाही.
मग नवी आवृत्ती आली.
मदतीच्या पानाच्या तळाला आभार, चौतीस नावं,
कुणी ओस्लोचा, कुणी लिमाचा,
आणि विसाव्या ओळीत आदगोंडा पाटील, सांगली.
स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी.
अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो, कबूल.
सुलोचनाला उठवून दाखवलं.
ती म्हणाली, "नाव चुकलंय की हो."
ती चूक मी अजून कळवलेली नाही.

मग मगदूमचा डाव पुन्हा लावला.
एक्केचाळिसावी खेळी.
प्यादं पोचलं, आणि थांबलं.
छोटी चौकट उघडली, चार मोहरे रांगेत,
काय व्हायचंय?
घड्याळ चालू होतं.
मी उगाचच थोडा वेळ जाऊ दिला,
मग घोड्यावर बोट ठेवलं.

मगदूम जिंकला.
मी पुन्हा हरलो,
या वेळी पैसे मोजून.